मन्मथअप्पांचे तीन कागद

मन्मथअप्पांनी एक कंगवा घ्यायला पाऊण तास लावला होता. मी सोबत होतो. वडवणीचा आठवडी बाजार, ऊन टाळूवर आलेलं, आणि अप्पांच्या स्वतःच्या डोक्यावर तर विंचरण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. कंगवा अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी होता. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे, म्हणून अप्पाही म्हणत. चादर अंथरून बसलेल्या कंगवेवाल्याला अप्पांनी आधी विचारलं, "काय काय हाय तुझ्याकडं?" त्यानं चादरीवरून हात फिरवला. मग अप्पा म्हणाले, "आमच्याकडं केस दाट हायत, गुंता लई हुतो, आन बाई रागात इंचरती. ह्यातलं काय टिकंल?" कंगवेवाला विचारात पडला. त्याचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मागत असावं. त्यानं तीन कंगवे बाजूला काढले, एकाचे दात वाकवून दाखवले, त्याच्या घरी कुठला चालतो आणि पोरीनं कुठला मोडला हेही सांगितलं. तेव्हा कुठं अप्पा म्हणाले, "आता भाव सांग."

"अप्पा, भाव आधीच कावून न्हाई इचारला?" मी वैतागून म्हणालो.

"आधी इचारला असता तर त्यानं सगळ्यात स्वस्त काढून दिला असता. मी घेतला असता. आन अक्कानं दोन दिसात त्याचे दात मोडून उरलेला माझ्या टकुऱ्यात हाणला असता."

हा माणूस आमच्या तालुक्याच्या दूध संघात खरेदी विभागाचा हेडक्लार्क होता आणि मी त्यांच्या समोरच्या टेबलावरचा हंगामी कारकून. संघाचं नाव सांगत नाही. अप्पांविषयी लिहायला मी आजवर चार वेळा बसलो आणि चारही वेळा त्यांच्या गमती लिहून उठलो. गमती खऱ्याच आहेत. पण त्या सांगता सांगता मी दरवेळी माझी सुटका करून घेत होतो. या माणसाचं मी वाईट केलं आहे. ते सांगायलाच या वेळी बसलोय. वाट थोडी वाकडी होईल, तेवढं सांभाळून घ्या.

अप्पा बुटके, गोल, आणि चालताना किंचित डावीकडं कललेले, कारण डाव्या काखेत कायम फाइल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळी तिन्ही ठळक असत, दुपारपर्यंत घामानं एखादा पुसला जाई, आणि चेअरमनांची मीटिंग असेल त्या दिवशी अकरा वाजताच कपाळ कोरं होई. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे आधी अप्पांचं कपाळ बघत आणि मग रजेचा अर्ज आज द्यायचा की उद्या ते ठरवत. भेटणाऱ्या प्रत्येकाला अप्पा नमस्काराऐवजी 'शरणार्थ' म्हणत. फोनवरही. चुकून लागलेल्या फोनवरही. आणि मग त्या चुकून लागलेल्या माणसाचं गाव कुठलं, तिकडं ज्वारी कशी आहे, याची चौकशी करत.

पुरवठादारांचं ते काही घेत नसत. कुणी आग्रहानं चहा पाजलाच तर संध्याकाळच्या आत त्याला परत चहा पाजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा दुधाच्या कॅनचा पुरवठादार चहा पाजून लगेच एस.टी.त जाऊन बसला. अप्पा भरलेला कप आणि वर झाकलेली बशी घेऊन स्टँडवर गेले, खिडकीतून त्याला चहा दिला आणि तो पिऊन होईपर्यंत गाडीसमोर उभे राहिले. कंडक्टर ओरडला, "ओ अप्पा, लाच देताय का घेताय?"

"फेडतोय," अप्पा म्हणाले, "घंटी मारू नको, त्याचं तोंड भाजंल."

पण अप्पांची खरी ओळख म्हणजे त्यांचे तीन कागद.

संघाला काहीही घ्यायचं असलं, झाडूपासून जनरेटरपर्यंत, की अप्पा आधी एकच गोष्ट ठरवत: बाहेर पाठवायचं पत्र कुठलं. बाजारात काय मिळतं हेच आपल्याला ठाऊक नसेल, तर माहिती मागवणारं पत्र. त्याला ते 'इचारपूस' म्हणत. आपली अडचण ठाऊक आहे पण तिच्यावर उपाय काय ते ठाऊक नाही, तर प्रस्ताव मागवणारं पत्र. अडचण लिहायची आणि 'तुम्ही हे कसं कराल' असं विचारायचं. याचं नाव 'नड'. आणि नेमकी कुठली वस्तू, किती, कशी, हे सगळं पक्कं असेल तरच दरपत्रक मागवायचं. ते 'भाव'. इचारपूस, नड, भाव. तीन फायली, तीन वेगळ्या दोऱ्यांनी बांधलेल्या, त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर.

"सगळं जग डायरेक भाव इचारतं," अप्पा म्हणायचे. "भाव इचारायला अक्कल लागत न्हाई. गाढवसुदा पाटी वाचून भाव इचारील."

या फायलींच्या वर खिळ्याला सायकलमध्ये हवा भरायचा एक पंप टांगलेला होता. त्याची गोष्ट अशी. अप्पा खरेदीत येण्याआधी शीतकरण केंद्राच्या विहिरीवर बसवायला मोटार-पंप हवा होता. तेव्हाच्या साहेबांनी घाईघाईत दरपत्रक मागवलं. पत्रात एवढंच: 'एक पंप हवा आहे, कमीत कमी दर कळवावा.' चार पाकिटं आली. एकात डिझेल इंजिनाचा पंप, एकात विजेचा, एकात फवारणीचा, आणि एक पाकीट स्टँडसमोरच्या सायकल दुकानदाराचं. नियमाप्रमाणे सगळ्यात कमी दर त्याचा. साहेब नियमाला इतके घाबरणारे की त्यांनी तो घेतला. विहिरीवर तो लावून बघितला की नाही याबद्दल दोन मतं आहेत, पण स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद 'पंप, विहिरीकरिता, एक' अशीच आहे. अप्पा आल्यावर त्यांनी तो गोदामातून शोधून आणला आणि भिंतीवर टांगला. नवा कारकून आला की त्याला आधी पंप दाखवत. मला दाखवला तेव्हा मी हसलो. अप्पा हसले नाहीत. "ह्याच्यात कुनी चोरी केली का? न्हाई. कुनी खोटं बोललं का? न्हाई. फकस्त कागद चुकला," ते म्हणाले. "तीस वर्षं नोकरी झाली, माझ्या हातून चुकीचा कागद भायेर गेला न्हाई."

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा बोलत की त्यांनी 'तीस वर्षं' म्हटलं की बाकीचे कारकून ओठ हलवून पुढचं पूर्ण करत. दरवर्षी आकडा एकानं वाढे, एवढाच बदल. अप्पांना घर नव्हतं स्वतःचं, शेती भावानं दाबलेली, प्रमोशन दोनदा हुकलेलं. हे एक वाक्य तेवढं त्यांच्या मालकीचं होतं.

पोरीच्या लग्नातही त्यांनी तेच केलं. मुलगा बघायचा ठरला तेव्हा अप्पांनी पाच स्थळांना पत्रं धाडली. मी स्वतः टाइप केलेली. 'आमची मुलगी बी.ए. आहे, स्पष्ट बोलते, तिला सकाळी कुणी उठवलेलं चालत नाही. आपल्या घरी हे कसं जमवून घ्याल ते सविस्तर कळवावे.' खाली प्रश्न: मुलाला राग आल्यावर तो काय करतो, उदाहरणासह. अक्कांनी ते पत्र वाचून दोन दिवस अप्पांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या घरचं उत्तर आलं. त्यात प्रश्नांची उत्तरं नव्हतीच. गाडी, सोनं, मानपान, अशी यादी होती. ते पाहुणे समक्ष आले तेव्हा अप्पांनी त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि यादी परत दिली.

"कावून, काय कमी पडलं?" मुलाच्या बापानं विचारलं.

"तसं न्हाई पाव्हणं," अप्पा म्हणाले. "आमी प्रस्ताव मागवलता. तुमी दरपत्रक दिलं. अपात्र."

पोरगी दिली ती चौसाळ्याला, हायवेवर धान्याचं दुकान असलेल्या एका मुलाला. त्यानं राग आल्यावर काय करतो याच्यापुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'दुकानात जाऊन पोत्यावर झोपतो. उठल्यावर आठवत नाही.' अप्पांनी ते पत्र आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "ह्याला म्हणत्यात उत्तर."

मला ते 'तू' म्हणत, पण कधी आवाज चढवला नाही. मी हंगामी होतो, दर सहा महिन्यांनी आदेश संपे आणि मी धास्तावून बसे. मला कायम करावं म्हणून अप्पांनी मॅनेजरला तीनदा लेखी लिहिलं होतं. दुपारी अक्कांची कारळाची चटणी ते माझ्या भाकरीवर न विचारता ठेवत. हे सांगणं मला जड जातंय, पण राहून गेलं तर पुढचं अर्धवट कळेल.

तर त्या दुष्काळाच्या वर्षी चकलांब्याच्या अलीकडच्या माळावर संघानं आपल्या सभासदांच्या जनावरांसाठी छावणी उघडली. गाई-म्हशी जगल्या तर दूध, दूध असेल तर संघ, असा सरळ हिशेब होता. चारा येत होता, पण छावणीची विहीर तळाला गेली. पाणी मचूळ झालं, जनावरं तोंड लावून परत फिरवायला लागली. चेअरमन रोज छावणीत जात. माणूस मनानं वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे, उतावळा होता. ते येऊन अप्पांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "टँकर लावा. उद्याच्या उद्या भाव मागवा."

अप्पांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्यांच्या कपाळावर दोनच पट्टे होते. त्यांनी मला दोन पत्रं करायला लावली, दोन्हींच्या सहा-सहा प्रती, चेअरमनांना फरक दिसावा आणि ठरेल ते लगेच जावं म्हणून. एक साधं: पाण्याचा टँकर, दर खेपेला काय घ्याल. दुसरं अप्पांचं: आमच्याकडं इतकी जनावरं आहेत, त्यांना रोज पिण्याजोगं पाणी पोचलं पाहिजे, तुम्ही कसं पोचवाल? आणि खाली चार प्रश्न. पाणी कुठल्या विहिरीवरून भरणार. किती वाजता पोचणार. टँकर बिघडला तर काय करणार. आणि चौथा: हा टँकर याआधी काय वाहत होता.

अटींचं दुसरं पान दोन्ही पत्रांना एकच होतं. सहीची जागा त्या दुसऱ्या पानावर.

चेअरमन भडकले. "अप्पा, जनावरं जिबा काढून उबी हायत आन तुमी पाण्यासाठी निबंध मागवता?"

"साहेब, आपल्याला टँकर न्हाई पायजे. पाणी पायजे. टँकरचा भाव इचारला तर लोक टँकरचा भाव देतील. पाण्याचा इचार कुनीच करणार न्हाई."

"किती दिस लागतील?"

"चार जास्ती. हिरीत आठ दिसाचं हाय. मी सोता बघून आलो, दोर सोडून."

चेअरमन टेबलावरची जीपची किल्ली उचलत म्हणाले, "बरं. तुमचं तुमी पाठवा." अप्पांनी तिथंच सहा प्रतींवर सह्या केल्या, पाच बाहेर जाणाऱ्या आणि एक फाइलची. माझ्याकडं देऊन म्हणाले, "टाचण्या लाव. पाकिटं मी सोता मोजतो." आणि पाण्याच्या माठाकडं गेले, तिथंच शिपायाशी बोलत उभे राहिले.

टाचण्या लावून होतात तोच चेअरमनांनी मला जीपपाशी बोलावलं. इंजिन चालूच होतं. "अप्पांचं वय झालंय. तू ते साधं पाठव. परवा टँकर उबे पायजेत. अप्पांना मी सांगतो." मी वळून ऑफिसच्या दाराकडं बघितलं. तेव्हा ते गिअर टाकता टाकता म्हणाले, "तुझ्या कायमच्या कागदावर माझी सही राहिलीय ना? आठवण कर."

एवढंच. धमकी नाही, दम नाही. मी आत आलो, टाचण्या काढल्या, वरचं पान बदललं, टाचण्या लावल्या. फाइलच्या प्रतीचंसुद्धा. अप्पा माठाकडून येईपर्यंत माझं झालं होतं. त्यांनी पाकिटं मोजली, प्रत्येक हातावर तोलून बघितलं, थुंकीनं चिकटवलं. उघडून एकही बघितलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही बघितलं, हे मी स्वतःला नंतर हजारदा सांगितलं आहे.

त्याच दिवशी अप्पांना चौसाळ्याहून निरोप आला, पोरगी दवाखान्यात, नातू झाला. ते तीन दिवस तिकडं होते. तिकडून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि स्टँडवरच त्यांना संघाच्या जीपनं उचलून थेट छावणीत नेलं. मी मागच्या सीटवर होतो.

झालं होतं ते असं. सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याचे टँकर लागले. ते टँकर आदल्या हंगामात एका साखर कारखान्याची मळी वाहत होते. मळी म्हणजे साखर निघून गेल्यावर उरतो तो काळा, चिकट, गोडूस रस. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून टँकर रिकामे, म्हणून स्वस्त. मालकानं त्यात दोन बादल्या पाणी फिरवून 'धुतले' होते. पाणी चहासारखं आलं. पहिल्या दिवशी सगळी छावणी खूश! मचूळ पाण्याला नाक मुरडणारी जनावरं या पाण्यावर शेपट्या वर करून तुटून पडली. एक शेतकरी तर कौतुकानं म्हणाला, "आमच्या म्हशीनं आज पयल्यांदा गोडाचं जेवण केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून छावणीला हगवण लागली. सगळ्या छावणीला. त्या माळावर सुरक्षित अशी एकही जागा राहिली नाही. धार काढायला बसलेली माणसं बादली सोडून पळाली. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत पाहणीला आले आणि पाहणी अर्ध्यात टाकून परत गेले. जीपचं सीट नंतर तीन दिवस उन्हात होतं. जनावरांचे डॉक्टर एका हातानं नाक धरून, दुसऱ्या हातानं औषध पाजत, सगळ्या संचालकांना एकेक करून शिव्या देत होते. वर माश्या, खाली मुंगळे. लोक हसतही होते आणि रडकुंडीलाही आले होते.

अप्पा पेढ्यांचा पुडा काखेत धरून या सगळ्यातून चालत गेले. टोकाला दोन अशक्त जनावरं आडवी पडली होती. ती उठली नाहीत. त्यातली एक म्हैस चकलांब्याच्या एका विधवा बाईची, तिच्याकडं ती एकच. ती बाई रडत नव्हती. अप्पांना बघून म्हणाली, "अप्पा, तुमी शिकलेली माणसं. टँकर आधी काय न्यायचा, येवढं तरी इचारायचं."

"इचारलंतं बाई," अप्पा म्हणाले. "मी इचारलंतं."

ऑफिसात येऊन त्यांनी फाइल मागितली. मी दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं. परत वाचलं. दुसरं पान उलटलं, सहीवर बोट ठेवलं, बोट तिथंच. संचालक सगळे जमलेले, चेअरमन खिडकीकडं तोंड करून उभे. मला वाटलं आता चेअरमन बोलतील. त्यांना वाटलं असेल, मी बोलेन.

"सही माझी हाय," अप्पा म्हणाले.

कुणीतरी विचारलं, दोन्ही पत्रं टेबलावर होती, घाईत भलतंच दिलं का?  अप्पांना खोटं बोलता येत नसल्यानं त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. मग म्हणाले, "दिलं असंल. पोरीचा निरोप आलता. डोस्कं ठिकाणावर नसंल." निरोप पाकिटं गेल्यावर आला होता. एवढ्या हुशार माणसाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या होतं.

सेवापुस्तकात शेरा बसला. निवृत्तीला चार महिने होते. माझा कायम झाल्याचा आदेश त्याच आठवड्यात आला आणि अप्पांनी तो पेढ्यांतला उरलेला पेढा माझ्या तोंडात घालून साजरा केला. चेअरमन दोन-तीनदा मला 'सांगतो, सांगतो' म्हणाले. पुढच्या निवडणुकीत पडले, मग वारले, सांगायचं राहिलं.

ते चार महिने मला शिक्षेसारखे गेले. 'तीस वर्षं' हे वाक्य अप्पांच्या तोंडून परत आलं नाही. एकदा ते कशावरून तरी नुसतं 'वर्षं' म्हणाले तसा दुसरा एक कारकून सवयीनं ओठ हलवायला गेला आणि वरमला. अप्पा साधं पोचपत्र लिहिलं तरी माझ्याकडं आणून देत. "बघ बरं, बरुबर हाय का? मला आता माझा भरोसा न्हाई." ज्यानं आम्हाला कागद धरायला शिकवलं तो माणूस माझ्याकडून कागद तपासून घेत होता. मी बघायचो आणि म्हणायचो, बरोबर आहे, अप्पा.

निरोप समारंभाची शाल मी आणली. नुसता भाव विचारून. ती त्यांच्या एकाच खांद्याला पुरली. अप्पा तिला हात लावून एवढंच म्हणाले, "चालंल. उन्हाळाच हाय."

मग दहा वर्षं मी गेलो नाही. त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. कामाच्या गडबडीत जाणं राहिलं, असं सांगत आलो. गेल्या उन्हाळ्यात बायकोनं सहज विचारलं, तुमचे ते अप्पा जिवंत आहेत का, आणि मला उत्तर देता आलं नाही. निवृत्तीनंतर ते लेकीकडं राहायला गेले एवढं ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी चौसाळ्याची गाडी धरली.

जावयाचं दुकान हायवेला लागूनच, मागं घर. अप्पा बाहेर लिंबाखाली बाजेवर बसले होते. वाळलेले, पण कपाळावर तीन पट्टे. मला बघून हातातली कुठलीशी चिठ्ठी खिशात घातली. अक्का भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या, मला ओळखलं, आणि अप्पांच्या समोरच म्हणाल्या, "बरं झालं आलास. ह्यांना सांग जरा. जावई म्हणतो दुकानात बसा, तर बसत न्हाईत. म्हणत्यात, माझ्या डोक्याचा भरोसा न्हाई, कायतरी भलतंच करून बसंन. गोळी घेतली का न्हाई हे बी चिठ्ठीवर लिवून ठेवत्यात. धा वर्षं झाली." आणि आत गेल्या.

मी मनात भाषण करून आलो होतो. त्यातलं काहीच आलं नाही.

"अप्पा, टँकरच्या पत्राचं पहिलं पान मी बदललं होतं."

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि न बघता परत आत ठेवली. 

"मी सही केली तवा वर कुठलं पान होतं?"

"तुमचं. प्रस्तावाचं."

"नक्की?"

"नक्की."

"चौथा प्रश्न होता?"

"होता. टँकर आधी काय वाहत होता."

"आन चौसाळ्याचा निरोप?"

"पाकिटं गेल्यावर आला."

मी चेअरमनांचं सांगायला लागलो, जीप, कायमचा आदेश. ते ऐकत नव्हते. ओठ हलत होते, हिशेब जुळवल्यासारखे. मग एकदम उठले आणि घराकडं तोंड करून ओरडले, "अक्के! अगं अक्के, भायेर ये! माझं डोस्कं शाबूत हाय!"

अक्का दारात आल्या. "ते तर मी धा वर्षं सांगतीय."

"तू सांगून काय उपेग? तुझ्याकडं पुरावा नव्हता!"

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी खाली वाकलो तसे त्यांनी पाय मागं घेतले. हसू गेलं होतं.

"धा वर्षं, बे?" मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'बे' म्हटलं. "रोज मी तुला कागद दाखवायचो. तू बघायचास. तवा बी न्हाई?"

मी परत वाकलो. 

"पाया पडू नको. माफी-बिफीचं मला आज कळत न्हाई. तू चकलांब्याला जा. ती बाई असंल तर तिला सांग, अप्पानं इचारलंतं म्हणून. तुझ्या तोंडानं सांग."

मी गेलो. बाई होती. तिनं जे सुनावलं ते माझ्यापाशी राहू द्या.

पण त्या दिवशीचं सांगतो. अक्कांनी चहा दिला, मी एकट्यानं प्यालो. अप्पा माझ्यापाशी थांबले नाहीत. सदऱ्याची बटणं नीट लावून ते दुकानात गेले आणि जावयाला म्हणाले, "ऊठ." तो भला माणूस काही न विचारता उठला. माझी गाडी दुकानासमोरच थांबली. खिडकीतून दिसलं ते एवढंच: अप्पा गल्ल्यावर मांडी घालून ताठ बसलेले, समोर चहापत्तीचा एक एजंट बॅग उपसून सगळे नमुने मांडून उभा, आणि त्याला पार घाम फुटलेला. मी हात केला. अप्पांनी वर बघितलं नाही. त्यांना काम होतं.